कोपऱ्याची मेढ

"सांग त्यांना, डावीकडं कललीय. दोन बोटं."

मंगलानं हे मेढीला सांगितलं. मेढ, म्हणजे कुंपणाचा खांब, बाभळीची होती, मंगलाच्या खांद्याएवढी होती आणि माहेरी निघालेल्या सुनेला धरून ठेवावं तशी मंगलानं ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. खड्ड्याच्या पलीकडच्या काठाला, हातभर अंतरावर, तिचा नवरा उमाजी माती ठोकायची धुमस घेऊन उभा होता. त्याचे कान शाबूत होते. झाडावरचं पाखरू उडालं तर ते कोणत्या फांदीवरनं उडालं हे तो न बघता सांगायचा. तरी तो मेढीकडून निरोप यायची वाट बघत थांबला, मग डाव्या अंगाला दोन दगड ठासले आणि मेढीलाच म्हणाला, "सांग तिला, आता बघ म्हनावं."

"सांग त्यांना, आजून एक बोट."

"सांग तिला, बोट कुनाचं? तिचं का माजं?"

"सांग त्यांना, माजं. त्यांचं बोट मुसळावानी हाय."

उमाजीनं स्वतःच्या बोटाकडं बघितलं. नाकारण्यासारखं काही नव्हतं. त्यानं आणखी एक दगड ठासला.

हैदराबादच्या पूर्वेला, घटकेसरच्या पुढं, रिंगरोडची घरघर ऐकू येते पण बस येत नाही एवढ्या अंतरावर चिंतलगुडा आहे. गाव तेलुगू. उमाजी आणि मंगला देगलूरकडचे. लग्न झालं त्या वर्षी दोन बोचकी आणि एक पहार घेऊन आले आणि तीस वर्षं कुंपणं घालत इथंच राहिले. गावात मराठी बोलणारी माणसं दोनच, आणि ती दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. त्यामुळं गावातलं सगळं मराठी मेढींच्या वाट्याला आलंय, असं शेजारची यादम्मा सांगायची. शिवारात मेढी चारशे-पाचशे तरी असतील. सरकारनं शिरगणती केली तर मराठी भाषकांत त्या धरायला हरकत नव्हती.

घरीही तीच तऱ्हा. पत्र्याच्या घराला मधोमध सागाची एक मेढ होती, तिच्यावर आढं टेकलेलं.

"सांग त्यांना, भाकर वाढलीय."

"सांग तिला, कालवनात मीठ न्हाई."

"सांग त्यांना, मीठ हाय. जिबंला चव न्हाई."

बारा वर्षं हात टेकून टेकून ती मेढ माणसाच्या उंचीला आरशासारखी गुळगुळीत झाली होती. पहिली दोन वर्षं गावानं समेट करून बघितला. यादम्मानं उमाजीला कल्लू, म्हणजे ताडी, पाजून बघितलं, तर तो कल्लू पिऊन मेढीशी जास्तच मोकळेपणानं बोलला. मग लोकांनी नाद सोडला. नवरा-बायकोच्या मध्ये निरोप्या असणं ही काही जगावेगळी गोष्ट नाही. शहरात तेच काम वकील करतात, आणि दोन्ही अनुभव घेतलेली माणसं म्हणतात, त्यापेक्षा मेढ बरी.

पण धंदा असा की बोलल्यावाचून सुटका नाही. मेढ रोवणं हे एकट्याचं काम नव्हे. एकानं धरायची, एकानं ठोकायची. धरणाऱ्याला ती सरळ आहे का ते दिसतं पण हात मोकळे नसतात. ठोकणाऱ्याचे हात मोकळे असतात पण डोळे खड्ड्यात असतात. उमाजीच्या बापानं त्याला तीन नेम घालून दिले होते. जमिनीत जाणारं टोक जाळून काळं करायचं, म्हणजे वाळवी लागत नाही. झाडाचा शेंडा खाली आणि बुंधा वर, म्हणजे लाकूड पाणी पीत नाही. आणि तिसरा, जेवढ्या बोराट्या तेवढेच खड्डे. बोराटी म्हणजे बोरीची काटेरी फांदी. खड्डा खणला की एक तर मेढ उभी करायची, नाहीतर त्यावर बोराटी टाकायची. उघड्या खड्ड्याकडं पाठ फिरवायची नाही. बोराट्या संपल्या की पहार खाली.

पहिले दोन नेम लाकडासाठी होते. तिसरा लेकराबाळांसाठी होता, पण म्हाताऱ्यानं तो कधी फोडून सांगितला नाही. समजतंच, असं त्याला वाटलं असावं.

तर यादम्माच्या कोंबड्यांच्या आवारातली ती मेढ ओळंब्यात येत होती, एवढ्यात पांढरी गाडी येऊन थांबली. आतून एकनाथराव उतरले. बरकतपुऱ्यातलं जुनं मराठी घर, चार पिढ्या वकिली. त्यांची मराठी निजामाच्या काळापासून दम देऊन ठेवलेली. झाकण उघडलं की वाफेबरोबर उर्दू बाहेर यायची. मागून त्यांची सून सुप्रिया उतरली. ती पुण्याची, कॉम्प्युटरच्या नोकरीत. तिनं बूट चिखलात जाऊ नयेत म्हणून चिखल शोधला. माघ महिना होता, चिखल नव्हता, तरी ती जपून चालली.

"क्यों उमाजी, काम आहे तुमच्यासाठी," एकनाथराव म्हणाले. "एक एकर. चारी तरफ लाकडी कुंपण. सिमेंट नक्को म्हणते ही."

"सिमेंटचे पोल फार कोरडे दिसतात हो," सुप्रिया म्हणाली आणि फोन पुढं केला. फोनमध्ये हिरवं कुरण होतं, लाकडी कुंपण होतं, मागं बर्फाचा डोंगर होता आणि कुंपणावरून मान काढून एक घोडा बघत होता.

उमाजीनं फोटो सावकाश बघितला. "घोडं बी पायजे का?"

"नाही नाही. नुसतं कुंपण."

"मंग आत काय ऱ्हानार?"

"आम्हीच. शनिवार-रविवार."

"बरं," उमाजी गंभीरपणे म्हणाला. "घोड्याला टिकतंय म्हन्ल्यावर तुमाला टिकंल."

एकनाथराव हसले. मंगलाही मेढीच्या आडून हसली.

"जागा कुटली, मालक?"

"ती रेड्डीची जुनी पेरूची बाग नाही का. चिंचेच्या पलीकडं, ओढ्याच्या अंगाला. मागच्या महिन्यात रजिस्ट्री झाली."

मंगलाचं हसू तिथंच राहिलं, ते मिटायचंही तिच्या ध्यानात आलं नाही. उमाजीनं धुमस जमिनीवर टेकवली. मग तो मेढीला म्हणाला, "सांग तिला, हे काम घ्यायचं न्हाई."

सुप्रियानं मागं वळून बघितलं. मागं कोंबड्या होत्या.

"सांग त्यांना, घ्यायचं," मंगला म्हणाली.

"सांग तिला, डोस्कं फिरलं का म्हनावं."

"सांग त्यांना, त्यो खड्डा बारा वर्सं उघडा हाय. डोळं मिटलं तरी उघडा, उघडलं तरी उघडा. त्याच्यात मेढ बसल्याबिगर त्यो बुजायचा न्हाई."

एकनाथरावांनी हयातभर साक्षी-जबान्या ऐकल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं, मग मेढीकडं बघितलं. "मामला काय आहे?"

"काय न्हाई मालक," मंगला थेट त्यांना म्हणाली. "परवापासून येताव आमी."

उमाजीनं धुमस उचलून एकदाच दाणकन आपटली. यादम्माच्या कोंबड्या उडाल्या. त्याच्या बाजूनं तीच सही समजायची.

मामला काय होता ते मात्र सांगायला हवं, कारण मंगला ते कुणाला सांगत नसे.

लग्नानंतर पंधरा वर्षांनी त्यांना मुलगी झाली. तोवर गावोगावचे अंगारे झाले होते, उस्मानियाच्या दवाखान्याच्या पायऱ्या झाल्या होत्या आणि आशा सोडूनही झाली होती. मग दीपाली झाली. उमाजीनं त्या आनंदात गावच्या मारुतीला फुकट कुंपण घातलं. मारुतीला त्याची गरज नव्हती, पण देवालाही कधी कधी गप बसून घ्यावं लागतं.

दीपाली अडीच वर्षांची असतानाची गोष्ट. आषाढ होता. रेड्डीनं त्याच पेरूच्या बागेला कुंपण घालायला सांगितलं होतं. सकाळी एक मोठी सर येऊन गेली होती आणि खणलेल्या खड्ड्यांत हातभर पाणी साचलं होतं. खड्डे सहा होते, बोराट्या सहा होत्या. चिंचेच्या फांदीला झोळी बांधली होती, झोळीत पोरगी निजली होती. पलीकडं कोंबडीवाल्यानं घाण टाकली होती, त्यावर कुत्री जमली होती. त्यातलं एक येऊन झोळीखाली हुंगायला लागलं. मंगलानं हाकललं. ते गेलं आणि परत आलं. परत हाकललं, परत आलं. मग तिनं चिंचेला सगळ्यांत जवळचा जो कोपऱ्यातला खड्डा, त्याच्यावरची बोराटी उचलली आणि झोळीजवळ आडवी टाकली. टाकताना तर्जनीत काटा मोडला. खड्डा उघडा राहिलाय हे तिला दिसत होतं. ही एक मेढ झाली की ठेवू परत, असं ती मनाशी म्हणाली.

पार दुसऱ्या टोकाला ती मेढ धरून उभी होती आणि उमाजी ठोकत होता. तेव्हा "आय" अशी हाक आली. एकदाच.

"थांब गं माय," मंगला ओरडली, "येवढी मेढ व्हऊ दे."

मेढ सोडली असती तर कलली असती. ती सोडली नाही. मेढ सरळ बसली.

पोरगी बोराटीच्या दुसऱ्या बाजूनं उतरली होती. शहाणी होती. काट्यात पाय घालायचा नाही, एवढं तिला कळत होतं.

मग गाव जमलं, पोलीस आले, पंचनामा झाला. फौजदारानं विचारलं, खड्डा झाकला नव्हता काय? उमाजीनं तोंड उघडलं नाही. मंगलाला बोलायचं होतं. ती बोलण्यासाठी चिंचेकडं वळली, तर झोळीखाली बोराटी नव्हती. कुत्र्यानं ओढली, शेळीनं खाल्ली, कुणाच्या पायात येते म्हणून कुणी फेकली, काही कळलं नाही. बोराटी नव्हती तसे तिचे शब्दही नव्हते. फौजदारानं "अपघात" असं लिहिलं आणि कागद मिटला.

त्या दिवसापासून उमाजी तिच्याशी बोलला नाही. तिनं कारण विचारलं नाही. ठाऊक असलेलं कोण विचारतं? कुंपणानं शेत खाल्लं तर दाद कुणाकडं मागायची, असं लोक म्हणतात. पण कुंपणानं कुणाकडं जायचं, ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. पंधराव्या दिवशी पोटासाठी दोघं दुसऱ्याच्या शेतावर कामाला गेली. मेढ कलली. नवऱ्याला हाक मारायला मंगलाला तोंड होईना, आणि कललेली मेढ बघवेना. मग तिनं मेढीच्याच कानाशी तोंड नेलं आणि म्हणाली, सांग त्यांना, उजवीकडं. तिथनं सुरुवात झाली.

माघातली जमीन म्हणजे कवटी. वर वीतभर तांबडी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ. पहार मारली की ठिणगी उडायची आणि दातांत कळ जायची. बेचाळीस मेढी घालायच्या होत्या. कोपऱ्यापासून सुरुवात करावी अशी कुंपणाची रीत, पण या खेपेला सुरुवात ओढ्याकडच्या टोकानं झाली. चिंचेचा कोपरा सगळ्यांत शेवटी येईल अशा बेतानं दोरी लागली. तसं कुणी ठरवलं नाही. मेढीलाही कुणी काही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सुप्रिया आली. बरोबर रंगाचं पुस्तक होतं. मेढींची जळकी टोकं बघून ती हळहळली. "अय्या, हे जळलं का?"

"जाळलंय बाई," मंगला म्हणाली. "वाळवी लागत न्हाई."

"आणि उलट्या का लावताय? बुंधा वर आहे."

"सुलटी लावली तर पानी पिती. कुजती."

सुप्रियानं ते फोनमध्ये लिहून घेतलं. मग जरा घुटमळून म्हणाली, "एक विचारू? तुम्ही दोघं त्या खांबाशी का बोलता? म्हणजे काही प्रथा आहे का तुमच्यात?"

मंगलानं घाम पुसला. उमाजी लांब पहार मारत होता.

"हौ," मंगला म्हणाली. "आमच्यात हाय."

"सगळ्यांच्यात?"

"न्हाई. दोघांच्यातच."

सुप्रियानं तेही लिहून घेतलं असावं.

सहाव्या दिवशी दुपारपर्यंत एक्केचाळीस मेढी उभ्या राहिल्या. रांगेतल्या पहिल्या मेढीमागं उभं राहून एक डोळा मिटला की पहिली तेवढी दिसायची, बाकीच्या तिच्याआड लपायच्या. उमाजीची ख्याती तीच होती. घटकेसरपासून भोनगीरपर्यंत लोक म्हणायचे, माणूस येडा आहे पण दोरी सरळ आहे. तो आयुष्यात दारू प्याला, त्यानं उधळपट्टी केली, देवाला शिव्या दिल्या; पण कललेली मेढ ठेवली नाही आणि तो खोटं बोलला नाही. खोटं तर त्याला जमतच नसे. लहानपणी बापाचा तंबाखू चोरला तेव्हा विचारायच्या आधीच कबूल करून मोकळा झाला होता.

कोपरा राहिला. हद्दीचा दगड होता तिथंच होता. खड्डा कुणीतरी कधीतरी बुजवला होता. ताटलीएवढी खोलगट जागा उरली होती आणि तिच्यात तरवड उगवला होता. पिवळ्याधमक फुलांनी भरलेला. उमाजी त्याच्यासमोर बराच वेळ पहार धरून उभा राहिला. मग पहार ठेवली, खाली बसला आणि तरवड हातानं, मुळासकट, माती न सांडता काढला. दोन पावलांवर नुसतं उकरून परत लावला. आपल्या डब्यातलं पाणी त्याला घातलं. मंगला बघत राहिली.

मग त्यानं खणायला घेतलं. एक्केचाळीस खड्ड्यांनी ठिणग्या काढल्या होत्या. हा मात्र मऊ. पहार लागलीच नाही, हातानंच माती निघाली. ती निघताना उमाजी तिच्याकडं बघत नव्हता, चिंचेकडं बघत होता.

मंगलानं मेढ उचलून आणली, जळका शेंडा खाली सोडला आणि दोन्ही हातांनी धरली. बारा वर्षांपूर्वी जे करायचं राहिलं होतं ते झालं. खड्ड्यात मेढ आली. आता बोलायचं. याच्यासाठीच तिनं हे काम घेतलं होतं. बोलल्यावर तो डोक्यात पहार घालील, सोडून जाईल, मेढीलाही बोलायचा थांबेल. काय व्हायचं ते होवो.

उमाजीनं दगड घेतला नव्हता. धुमसही घेतली नव्हती. नुसता उभा होता.

"सांग त्यांना," मंगला म्हणाली. मेढ थांबली. "सांग त्यांना, त्या दिवशी याच्यावरली बोराटी..."

"सांग तिला!" उमाजी एवढ्या जोरानं म्हणाला की चिंचेवरचे होले उडाले. "सांग तिला, याच्यावर बोराटी नव्हतीच!"

मंगलानं मान वर केली.

"सांग तिला," तो मेढीकडं बघून घाईघाईनं सांगत सुटला, पाठ केलेलं विसरायच्या आत म्हणून टाकावं तसं, "बोराट्या सा व्हत्या आन खड्डं सात. जिमीन मऊ लागली म्हनून ह्यो सातवा म्या जादा खनला. बाचा नेम म्या मोडला. याच्यावर टाकाया बोराटी व्हतीच कुटं? तिनं काय बी काढलं न्हाई. कशावरचीच न्हाई. माजा खड्डा व्हता त्यो. सांग तिला."

मेढीनं सांगितलं.

मंगलानं मेढ धरूनच ठेवली. खड्डे सहा होते. तिनं मोजले होते. पाणी भरलेले खड्डे आई मोजतेच. बोराटी याच खड्ड्यावरची होती. काटा मोडलेल्या तर्जनीला अजून थंडीत ठणका लागायचा. आणि आणखी एक गोष्ट होती. "तिनं काय बी काढलं न्हाई" असं तो म्हणाला होता. काढल्याचं तर तिनं अजून सांगितलंच नव्हतं. वाक्य अर्ध्यात तोडलं होतं त्यानं.

म्हणजे ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. गाव गोळा व्हायच्या आत, फौजदार यायच्या आत, पोरीला मांडीवर घ्यायचं सोडून हा माणूस आधी चिंचेखाली गेला होता आणि बोराटी उचलून त्यानं ओढ्यात टाकली होती. कुणी विचारू नये म्हणून. बायकोला कुणी म्हणू नये म्हणून. आणि मग आपल्याच तोंडून कधी निसटेल या भीतीनं त्यानं तोंड मिटलं होतं. ती बारा वर्षं समजत होती की रागानं मिटलंय. तोंडात बोराटी धरून बसलेला माणूस बोलणार कसा?

उमाजी मेढीकडं बघत होता. खोटं त्याला नव्या वहाणेसारखं चावत होतं, ते त्याच्या साऱ्या तोंडावर दिसत होतं.

ती म्हणू शकली असती, खोटं हाय. बारा वर्षं जे गिळलं होतं ते एकदाचं थुंकून मोकळी होऊ शकली असती. तिनं मेढीला कपाळ टेकलं. लाकूड उन्हानं तापलं होतं, अंगात ताप असलेल्या लेकरासारखं.

"सांग त्यांना," ती म्हणाली, "मला ठाव नव्हतं."

बारा वर्षांत मेढीनं एवढा जड निरोप नेला नव्हता. उमाजीनं मान हलवली. मग त्यानं दगड घेतले, माती लोटली, पाणी सोडलं आणि ठोकायला लागला. पण त्याला दिसत नव्हतं. एका जागी तीनदा ठोकलं, दुसऱ्या जागी एकदाही नाही. दाढीच्या खुंटांतून पाणी गळत होतं आणि ते तो बाहीनं पुसत नव्हता, जणू ते दुसऱ्याच कुणाचं होतं.

"सांग तिला, बघ म्हनावं."

मंगलानं बघितलं. मेढ चिंचेच्या बाजूला कलली होती. दोन बोटं. मुसळाएवढी दोन बोटं. तीस वर्षांत तिनं अर्धं बोट खपवून घेतलं नव्हतं.

"सांग त्यांना, वळंब्यात हाय."

उमाजी थांबला. "सांग तिला, नीट बघितलं का म्हनावं."

"सांग त्यांना, नीट बघितलं."

त्यानं धुमस उचलली आणि मेढ होती तशी, कललेली, पक्की ठोकून टाकली. शेवटची माती पडल्यावर त्यानं तिला आधार द्यावा तसा हात टेकला. मंगलाचे हात आधीच तिथं होते. किती वेळ होते ते मेढीला माहीत, आणि ती कुणाला सांगणाऱ्यातली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी एकनाथराव सुनेला घेऊन काम बघायला आले. त्यांनी पहिल्या मेढीमागं उभं राहून एक डोळा मिटला आणि खूष झाले. "वा! वा उमाजी! लकीर खेचल्यासारखी!" चालत चालत ते चिंचेपर्यंत आले आणि थांबले. मान एका बाजूला केली. मग दुसऱ्या बाजूला केली.

"ही कोपऱ्यातली? उमाजी, ही तर तिरकी आहे."

उमाजीनं तरवडाकडं बघितलं.

"मला तर हीच आवडली," सुप्रिया म्हणाली. "बाकीच्या फार शिस्तीत उभ्या आहेत. हिच्याजवळ ते पिवळं झुडूप पण किती छान दिसतंय." आणि तिनं फोन काढून फोटो घेतला.

"नक्को नक्को. लोक हसतील. कोपऱ्याची मेढच तिरकी म्हणजे काय? काढा ही आणि परत रोवा. घंटाभराचं तर काम आहे. क्यों?"

उमाजीनं सवयीनं जवळपास मेढ शोधली. मेढ दहा पावलांवर होती, आणि तिच्याबद्दलच बोलणं चाललं होतं. तिच्याच तोंडी तिचा न्याय कसा द्यायचा? त्यानं घसा खाकरला. पुन्हा खाकरला. बारा वर्षं कुलपात राहिलेलं नाव बाहेर यायला जरा अडलं, मग गंज झाडत आलं.

"मंगले," तो म्हणाला. तिच्याकडं बघून म्हणाला. "सांग मालकाला."

 मंगलानं पदर डोक्यावर नीट घेतला, जणू घरात कुणी पाहुणा आलाय. मग ती एकनाथरावांकडं वळली.

"मेढ सरळच हाय, मालक," ती म्हणाली. "तुमीच तिरपे हुबे हाव."

एकनाथराव चाळीस वर्षं हायकोर्टात उभे राहिले होते. त्यांनी मंगलाच्या तोंडाकडं बघितलं, उमाजीच्या तोंडाकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं बघितलं. आणि जरा सरळ उभे राहिले.